लसीकरणानंतर तपासणी कोणती?

भिलाईतील चौदा वर्षांच्या मुलीने आज एचपीव्ही लस घेतली, तर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचे तिचे वय सोळा वर्षांनी येईल. तेव्हाही तपासणी लागेलच. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची, 2022 मध्ये मान्यता मिळालेली 'सर्व्हाव्हॅक' लस कर्करोगकारक विषाणूंपैकी 16 आणि 18 या मुख्य प्रकारांना रोखते. इतर प्रकारांचा धोका उरतोच. प्रश्न आहे तो तपासणीच्या पद्धतीचा.

केंद्र सरकारच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी पाच वर्षांतून एकदा 'व्हीआयए' चाचणी सांगितली आहे. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पांढरा डाग उमटतो का, हे डोळ्यांनी पाहिले जाते. प्रयोगशाळा लागत नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटा स्मारक रुग्णालयाने केलेल्या अभ्यासात या पद्धतीमुळे मृत्यू 31 टक्क्यांनी घटल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु साध्या दाहामुळेही डाग उमटतो.

लसीकरणानंतर ही उणीव मोठी होते. समजा, हजार स्त्रियांपैकी दहा जणींना खरा विकार आहे आणि साठ जणींना विनाकारण डाग दिसतो. म्हणजे सात संशयितांमागे एक खरी रुग्ण. लसीमुळे खऱ्या रुग्ण दोनच उरल्या, तर हे प्रमाण एकतीसला एक होते. बाकीच्या तीस जणींना भीती, हेलपाटे, प्रसंगी अनावश्यक उपचार!

विषाणूचाच शोध घेणारी एचपीव्ही चाचणी येथे उजवी ठरते. तिचा भक्कम पुरावा परदेशातला नाही, उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातला आहे. सुमारे 1 लाख 31 हजार स्त्रियांच्या, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयए चाचण्यांनी तशी लक्षणीय घट दिसली नाही. लसीकरण रुजलेल्या ऑस्ट्रेलियाने 2017 अखेरीस दोन वर्षांनी होणारी पॅप चाचणी सोडून पाच वर्षांनी एचपीव्ही चाचणी स्वीकारली.

भारतातही हा प्रश्न उद्याचा राहिलेला नाही. 2009-10 मध्ये बार्शीसह अनेक केंद्रांवर चाचणी अभ्यासात लस घेतलेल्या 10 ते 18 वयाच्या मुलींपैकी मोठ्या मुलींनी आता तिशी ओलांडली आहे.

अडसर खर्चाचा आणि प्रयोगशाळांचा आहे. तथापि क्षयरोग निदानासाठी देशभर बसविलेल्या ट्रूनॅट यंत्रांवर एचपीव्ही चाचणीही करता येते. लस न मिळालेल्या आयांसाठी मात्र त्याची वाट पाहत व्हीआयए थांबविणे घातक ठरेल. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 30 ते 49 वयाच्या जेमतेम 1.9 टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती.