खेळण्याएवढे रोम

इटालियन छायाचित्रकार ओलिव्हो बार्बिएरी यांनी २००३ साली हेलिकॉप्टरमधून रोम शहराची छायाचित्रे काढण्यास आरंभ केला. त्यांतील कलोसियमचे छायाचित्र प्रथम पाहणाऱ्यास ते छायाचित्र आहे हे पटते, पण समोरची वस्तू खरी आहे हे पटत नाही. एखाद्या कारागिराने प्लास्टरची प्रतिकृती करून टेबलावर मांडली असावी, भोवती रंगीत मोटारी ठेवल्या असाव्यात, टाचण्यांएवढी माणसे डिंकाने चिकटवली असावीत आणि संध्याकाळी कोणीतरी येऊन हे सारे खोक्यात भरून नेणार असावे, असा भास होतो. वस्तुतः त्या चित्रात प्रतिकृती एकही नाही. कलोसियम खरे, मोटारी खऱ्या आणि माणसे तर पूर्णतः खरी.

या तंत्राला ‘टिल्ट-शिफ्ट’ असे नाव रूढ आहे. जपानी छायाचित्रकार नाओकी होंजो यांच्या २००६ सालच्या ‘स्मॉल प्लॅनेट’ या संग्रहाने त्याला प्रतिष्ठा दिली. त्यांना किमुरा इहेई पुरस्कारही मिळाला. कीथ लाऊटिट यांनी सिडनीचे समुद्रकिनारे आणि होड्या याच पद्धतीने हलत्या चित्रांत आणल्या. सॅम ओहेअर यांच्या ‘द सँडपिट’ या २०१० सालच्या लघुपटात न्यूयॉर्क वाळूच्या खेळासारखे दिसले. त्याच वर्षी ‘द सोशल नेटवर्क’ या चित्रपटातील नौकाशर्यत आणि ‘शेरलॉक’ या मालिकेची श्रेयनामावली यांतूनही हे दृश्य घरोघरी पोहोचले. पुढे फोनवर बोट फिरवले की कोणतेही गाव खेळण्याचे होऊ लागले. नवलाई ओसरल्यावरच एखाद्या क्लृप्तीचा शांतपणे विचार करता येतो. साहित्याविषयी लिहिता लिहिता आम्ही या वाटेला का वळलो, याचे कारण पुढे येईलच.

प्रथम क्लृप्ती समजून घेऊ. कॅमेरा एखाद्या लहान वस्तूच्या अगदी जवळ नेला की तिचा एक पातळ काप तेवढा स्पष्ट येतो. पुढचे आणि मागचे धूसर होते. दूरच्या विस्तीर्ण देखाव्यात असे सहसा होत नाही, तेथे जवळजवळ सारेच स्पष्ट असते. आयुष्यभर छायाचित्रे पाहून आपल्या नजरेने यावरून एक नियम बांधलेला असतो: पट्टा अरुंद आणि भोवती दाट धूसरता, म्हणजे वस्तू जवळची, आणि जवळ असूनही चौकटीत मावली, म्हणजे लहान. टिल्ट-शिफ्ट या नियमाचा फायदा घेते. साध्या कॅमेऱ्यात भिंग आणि फिल्म एकमेकांना समांतर असतात, म्हणून स्पष्टतेचे प्रतलही त्यांना समांतर असते. भिंग तिरपे केले की हे प्रतलही कलते. उंचावरून पाहिलेल्या जमिनीला ते एका पट्ट्यात छेदते, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचे सारे विरघळू लागते. गंमत अशी की नावातल्या ‘शिफ्ट’चा या जादूशी संबंध नाही. भिंग बाजूला वा वर सरकवण्याची ती सोय इमारतींच्या उभ्या रेषा सरळ राहाव्यात यासाठी आहे. येथे काम करते ते ‘टिल्ट’, म्हणजे कलणे.

तिरप्या भिंगाचा हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते थिओडोर शाइम्पफ्लुग हे व्हिएन्नाचे. ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी. १९०४ सालच्या आपल्या पेटंटमध्ये, हा विचार आपल्याआधी ज्यूल कार्पांतिए यांनी मांडला होता, हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. आकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतील विकृती काढून टाकून त्यांवरून नकाशे करता यावेत, ही शाइम्पफ्लुग यांची तळमळ होती. म्हणजे उंचावरून पाहणाऱ्या डोळ्याची चूक सुधारण्यासाठी जे भूमितीचे ज्ञान वापरले गेले, तेच शतकभराने त्या डोळ्याला चुकवण्यासाठी वापरले गेले.

आणखी एक उलटापालट सांगण्याजोगी आहे. चित्रपटसृष्टीत लहान प्रतिकृती मोठी भासवण्याची कला जुनी आहे. बुडणारे जहाज हौदात बुडवायचे असेल तर छायाचित्रकार भिंगाचे छिद्र शक्य तितके बारीक करी, म्हणजे पुढचे-मागचे सारे स्पष्ट येई; आणि कॅमेरा वेगाने चालवी, म्हणजे पडद्यावर पाणी संथ, जड, समुद्रासारखे हले. टिल्ट-शिफ्टच्या चलच्चित्रांनी नेमके उलटे केले. धूसरता वाढवली आणि चित्रे विरळ घेतली, म्हणून माणसे तुरुतुरु चालू लागली. पूर्वी खेळण्याला वजन देण्यासाठी जे कौशल्य खर्ची पडले, ते आता जगाचे वजन काढून घेण्यासाठी पडू लागले.

बर्कली येथील रॉबर्ट हेल्ड, एमिली कूपर, जेम्स ओब्रायन आणि मार्टिन बँक्स या अभ्यासकांनी २०१० साली या भासावर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय आमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. धूसरता एकटी अंतराविषयी काही सांगू शकत नाही. चित्रातील यथादर्शन, म्हणजे काय पुढे आणि काय मागे हे सांगणाऱ्या रेषा, तिच्या जोडीला आल्या की मगच डोळा फसतो. कोणताही यशस्वी खोटेपणा असाच असतो. त्याचा एक साक्षीदार खरा असावा लागतो.

आता आमचे मत. या चित्रांवर ‘ती माणसाला लहान करतात’ असा आक्षेप सहज घेता येईल. तो पुरेसा नाही. उंचावरून सारेच लहान दिसते. त्याला भिंगाची गरज नाही. शाइम्पफ्लुग यांच्याच शहरात, युद्धोत्तर व्हिएन्नात घडणारा ‘द थर्ड मॅन’ हा १९४९ सालचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. भेसळीच्या पेनिसिलिनवर पैसा करणारा हॅरी लाइम प्राटरच्या प्रचंड पाळण्यात बसून खालची माणसे मित्राला दाखवतो आणि विचारतो, की त्या ठिपक्यांपैकी एखादा हलायचा थांबला तर तुला खरोखर वाईट वाटेल काय? तेथे अंतर निष्ठुर आहे, पण ते स्वतःला अंतर म्हणवते. लाइमलाही आपण वर आहोत आणि ते खाली आहेत हे ठाऊक आहे.

टिल्ट-शिफ्टचे चित्र ठिपका दाखवत नाही, खेळणे दाखवते. ते सांगते, की तू वर नाहीस, अगदी जवळ आहेस. हात लांब केलास तर ही छत्री उचलशील. आणि आपल्याला माया वाटू लागते. ‘किती गोड!’ हा या चित्रांवरचा सार्वत्रिक उद्गार आहे. परंतु ज्याच्याविषयी तो निघतो त्याचा चेहरा आपण पाहिलेला नसतो. तो कोठे चालला आहे, त्याला उशीर झाला आहे काय, यांपैकी काहीही आपल्यापर्यंत आलेले नसते. ठिपका पाहणाऱ्याला कठोर करतो, खेळणे पाहणाऱ्याला हळवे करते. माणूस दोघांनाही दिसत नाही. यांपैकी हळवेपणा अधिक धोक्याचा आहे असे आम्हांस वाटते, कारण कठोर माणसाला कधीतरी आपल्या कठोरपणाची शंका येण्याचा संभव असतो. हळव्याला ती येत नाही.

यावर कोणी म्हणेल, की लघुरूपाची ओढ ही माणसाची आदिम ओढ आहे. गास्तों बाशलार यांनी अवकाशाच्या काव्यात्मकतेवरील आपल्या १९५७ सालच्या ग्रंथात लघुरूपाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. क्लोद लेव्ही-स्ट्राउस यांनीही १९६२ साली लहान प्रतिकृतीचे सौंदर्य उलगडताना, तेथे अवयवांआधी पूर्णाचे आकलन होते, असे म्हटले आहे. आम्हांस हे मान्य आहे. मात्र लेव्ही-स्ट्राउस यांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला आहे: प्रतिकृती ही हाताने घडवलेली असते. आपल्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करणारी मुले हे जाणतात. माती कालवावी लागते, बुरूज ढासळतो, हळीव पेरून ते उगवण्याची वाट पाहावी लागते. मावळा बुरुजाहून उंच असतो आणि सिंहासनावरील महाराज अख्ख्या गडाहून मोठे असतात, कारण तेथे प्रमाण मोजपट्टीने नव्हे, मानाने ठरते. किल्ला लहान असतो, महाराज लहान होत नाहीत. आपल्या पहाडी किंवा मोगल लघुचित्रांतही हेच आहे. कागद वीतभर, पण दूरच्या गच्चीवरील दासीचा दागिनाही पुढच्या राजाच्या दागिन्याइतकाच स्पष्ट. चित्रकाराने कोणालाही धूसरतेच्या हवाली केलेले नाही. आकार लहान असणे आणि लहान लेखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग बार्बिएरी दोषी ठरतात काय? आम्ही तसे म्हणणार नाही. रोमनंतर २००५ साली त्यांनी लास वेगासची छायाचित्रे घेतली. त्या शहरात निम्म्या उंचीचा आयफेल टॉवर आहे, काचेचा पिरॅमिड आहे, न्यूयॉर्कच्या इमारतींची नक्कल आहे. जे आधीच प्रतिकृती आहे त्याला भिंगाने पुन्हा प्रतिकृती केल्यावर पाहणारा अडखळतो आणि विचारू लागतो, की हे शहर असे दिसते आहे की असेच आहे? येथे भिंगाचा खोटेपणा शहराचा खोटेपणा उघड करतो. तंत्र तेच, परंतु पाहणाऱ्याला ते स्वतःच्या जागेचा विचार करायला लावते. फोनवरील धूसरतेचा पट्टा ते सहसा करत नाही. तो फक्त लाड करतो.

आता या विषयाचे आणि आमचे नाते. पुष्कळ वर्षांपूर्वी चाळीतल्या जीवनावरील एका कादंबरीविषयी लिहिताना आम्ही तिच्यातील ‘चिमुकल्या विश्वाचे’ मनापासून कौतुक केले होते. त्यावर एका वाचकाने चार ओळींचे पत्र धाडले. ‘मी अशाच चाळीत वाढलो. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सातजण होतो. खोली लहान होती, विश्व नव्हते.’ आम्ही त्या पत्राला उत्तर दिले नाही. देण्याजोगे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

आम्ही काय केले होते ते या छायाचित्रांमुळे उमगले. नळावरचे भांडण, जिन्यातली कुजबुज, गणपतीची वर्गणी हा एक पट्टा आम्ही झळझळीत स्पष्ट ठेवला होता. गिरणी, भाडे, आजारपण, गावाकडे पाठवायचे पैसे हे पुढचे-मागचे सारे मऊ धूसरतेत बुडवले होते. तपशील खरे होते, आणि म्हणूनच आमची माया खरी वाटत होती. खरा साक्षीदार आम्हीही उभा केला होताच. शहरी मध्यमवर्गीय लेखकाने रंगवलेल्या गोजिरवाण्या खेड्याविषयी मराठी समीक्षेत जी जुनी तक्रार आहे, तीही मुळात हीच असावी. ते खेडे खोटे होते असे नाही. त्यातील लेखक आपण कोठे उभे आहोत हे लपवत होता.

अंतर ठेवणे हा गुन्हा नव्हे. फ्रँको मोरेत्ती यांनी २००० सालापासून ‘दूरस्थ वाचना’चा पुरस्कार केला. एकेक कृती हाती न घेता शेकडो कृतींचे आकृतिबंध पाहावेत, असे त्यांचे म्हणणे. त्याच्याशी वाद घालता येतो, कारण ते आपले अंतर नावातच सांगते. वाद घालता येत नाही तो जवळिकीचे सोंग घेतलेल्या अंतराशी. स्विफ्टला हे १७२६ सालीच कळले होते. त्याने गलिव्हरला लिलिपुटमध्ये राक्षस करून थांबवले नाही; लगेच दुसऱ्या भागात ब्रॉब्डिंगनॅगच्या महाकाय लोकांत नेऊन सोडले. तेथे तो पेटीतले खेळणे झाला, पैसे घेऊन लोकांना दाखवला गेला, लाडात वाढला आणि त्या लाडाने जिवाच्या आकांताला आला. लहान कोणाला म्हणावे हे ज्याला ठरवायचे आहे, त्याने एकदा पेटीच्या आत बसून यावे, असा तो न्याय आहे. टिल्ट-शिफ्टच्या जगात लिलिपुट आहे, ब्रॉब्डिंगनॅग नाही.

विद्यार्थ्यांबरोबर वर्गात करण्याजोगा एक साधा प्रयोग सांगून थांबतो. असे एखादे चित्र घ्यावे आणि वरचा व खालचा धूसर भाग दोन कोऱ्या कागदांनी झाकावा. मधल्या पट्ट्यातली खेळणी पुष्कळदा पाहता पाहता पुन्हा माणसे होतात. कोणी पिशवी घेऊन चाललेला असतो, कोणी रस्ता ओलांडण्यासाठी थांबलेला असतो. मग हातात एखादे परीक्षण घ्यावे, आमचेही चालेल, आणि ‘चिमुकले’, ‘इवलेसे’, ‘साधेभोळे’ हे शब्द झाकून पाहावेत. त्या वाचकाला आमचे उत्तर द्यायचे राहिले होते. उशिरा का होईना, ते हे.