मत्रहचे बुरूज आणि पायांखालचा समुद्र

मस्कतमधल्या मराठी माणसाला सह्याद्रीची आठवण छळू लागली, की त्याने रियामहून मत्रहला जाणारी जुनी डोंगरवाट धरावी. अंतर जेमतेम २.५ किलोमीटर, वेळ दोनेक तास. खडकांवर रंगवलेले पिवळे-पांढरे-लाल पट्टे वाट दाखवतात. सुरुवातीलाच छाती भरून आणणारी चढण, मग खाली पसरलेलं बंदर, पुढे ओसाड वस्तीचे अवशेष आणि शेवटी जुनं मत्रह. आसपासच्या सुळक्यांवर टेहळणीचे बुरूज, बंदरावर पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात उभारलेला किल्ला. गडप्रेमी डोळे तिथेच खिळतात आणि ते खिळावेतच. पण पायांखालचा दगडही पाहायला हवा. आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा. इथला काळपट-तपकिरी खडक मात्र समुद्रतळाच्याही खालचा, पृथ्वीच्या प्रावरणातला. भूपट्टांच्या रेट्याने तो वरच्या समुद्रतळासकट अरबस्तानच्या काठावर चढला. समुद्रतळाचा एवढा सलग तुकडा जमिनीवर क्वचितच सापडतो, म्हणून जगभरचे भूवैज्ञानिक ओमानला येतात. सुहार शहराकडच्या वादी जिझ्झी या खोऱ्यात तर पाण्याखाली थिजलेला लाव्हा उशांच्या राशीसारखा दिसतो. नोव्हेंबर ते मार्च या गारव्याच्या महिन्यांत, भल्या सकाळी, भरपूर पाणी घेऊन मुलांना मत्रहच्या या वाटेवर न्या. किल्ल्यांचा इतिहास आपण त्यांना आवर्जून सांगतो. ज्या दगडावर किल्ले उभे राहतात, त्याचाही इतिहास त्यांना तितक्याच आपुलकीने सांगितला पाहिजे.