निकालापलीकडचा प्रश्न

दरवर्षी शालान्त आणि उच्च माध्यमिक परीक्षांचे निकाल लागतात. घरोघरी पेढे वाटले जातात, गुणवंतांचे सत्कार होतात आणि त्याच आठवड्यात वृत्तपत्राच्या आतल्या पानावर एखाद्या विद्यार्थ्याने आयुष्य संपविल्याची चार ओळींची बातमी येते. मग परीक्षापद्धती, खासगी शिकवण्या आणि पालकांच्या अवाजवी अपेक्षा यांवर ऊहापोह होतो. अकरावी प्रवेशाची पहिली यादी लागेपर्यंत ती चर्चा विरून गेलेली असते. परीक्षा जीव घेते, तेव्हा परीक्षा सोपी केली की प्रश्न सुटेल, असे या साऱ्या चर्चेत गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात हे गृहीतक कितपत टिकते, ते पाहणे आवश्यक आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०१३ मध्ये देशात ८,४२३ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२३ मध्ये हा आकडा १३,८९२ झाला. त्यांपैकी २,०४६ विद्यार्थी एकट्या महाराष्ट्रातील होते आणि देशातील सर्व राज्यांत ही संख्या सर्वाधिक होती. शिक्षणाची दीर्घ परंपरा सांगणाऱ्या, गावोगावी शाळा उभारणाऱ्या समाजसुधारकांच्या या राज्याला हा क्रमांक खाली मान घालावयास लावणारा आहे. या आकड्यांत महाविद्यालयीन विद्यार्थीही आहेत हे खरे; पण म्हणून शाळकरी मुलांच्या पालकांनी निश्चिंत राहावे, अशी स्थिती नाही.

आता या आकडेवारीतील एका वर्षाकडे बारकाईने पाहावे. २०२१ मध्ये कोरोनामुळे महाराष्ट्रात दहावी आणि बारावीच्या परीक्षा झाल्याच नाहीत. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागले आणि दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. म्हणजे त्या वर्षी नापास होण्याची भीती जवळजवळ उरलीच नव्हती. तरीही राज्यातील विद्यार्थी आत्महत्यांची संख्या आदल्या वर्षीच्या १,६४८ वरून १,८३४ वर गेली. शाळा बंद होत्या, मैदाने ओस पडली होती, मित्र भेटत नव्हते, अनेक घरांतील मिळवते माणूस घरी बसले होते, काही घरांतील माणसेच गेली होती. परीक्षा थांबली, पण एकटेपण आणि घरातील ताण थांबला नाही. दहावी-बारावीचा निकाल हेच मूळ असते, तर त्या वर्षीच्या नोंदींत त्याचा काही परिणाम दिसावयास हवा होता.

त्याच वर्षी देशभरात अठरा वर्षांखालील १०,७३२ मुलामुलींनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. त्यांपैकी परीक्षेतील अपयश हे कारण ८६४ प्रकरणांत नोंदले गेले. कौटुंबिक समस्या हे कारण यादीत सर्वांत वर होते. प्रेमप्रकरण आणि आजारपण हीदेखील परीक्षेच्या पुढे होती. पोलिसांच्या रकान्यात एकच कारण लिहावे लागते, प्रत्यक्षात असा कोणताही मृत्यू एका कारणाने होत नाही, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. कित्येक महिने साचत आलेले दुःख असते आणि गुणपत्रक, रागाने बोललेला एखादा शब्द किंवा मोबाइलवर झालेली बदनामी हे केवळ शेवटचे निमित्त ठरते. चर्चा मात्र निमित्ताचीच होत राहते.

याचा अर्थ परीक्षापद्धतीत सुधारणा नको, असा नाही. तामिळनाडूने अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा लगेच घेण्याची सोय केली. वर्ष वाया न गेल्याने परीक्षेतील अपयशापोटी होणाऱ्या आत्महत्या तेथे घटल्याचे चेन्नईच्या मनोविकारतज्ज्ञ आणि ‘स्नेहा’ या संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी दाखवून दिले आहे. महाराष्ट्रानेही २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा जुलैमध्ये घेण्यास प्रारंभ केला. ही पावले स्वागतार्हच होत. परंतु ८६४ मुलांसाठी जो उपाय आहे, तो उरलेल्या दहा हजारांपर्यंत पोहोचत नाही. त्यांच्यासाठी घराकडे आणि मनाकडेच वळावे लागेल.

येथे आपल्या मध्यमवर्गीय, सुसंस्कृत म्हणविणाऱ्या कुटुंबांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. ‘आमच्या घरात संध्याकाळी दिवा लागतो, शुभंकरोती होते, मुलगा व्यायामाला जातो, आमच्याकडे असे काही व्हायचे नाही,’ ही समजूत अनेक घरांत दृढ आहे. संस्कारांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. नियमित दिनचर्या, खेळ, वडीलधाऱ्यांचा सहवास, माणसांनी भरलेले घर यांचा मुलांना निश्चितच आधार होतो. पण नैराश्य हा आजार आहे. विषमज्वर संस्कारी मुलाला होत नाही, असे आपण म्हणत नाही. मग मनाच्या आजाराबाबत तसे का मानावे? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार मानसिक आजारांपैकी सुमारे निम्मे वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. म्हणजे आठवी-नववीचे वर्ग हाच त्यांचा काळ. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. साठ मुलांच्या वर्गात अशी सरासरी चार मुले बसलेली असतात. त्याच सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात.

संस्कार आणि उपचार यांना परस्परांचे प्रतिस्पर्धी मानण्यात मोठी हानी आहे. मुलाने ‘मला काही नकोसे वाटते’ असे म्हणताच त्याला धैर्याचे धडे देणे, ‘आमच्या वेळी एवढे लाड नव्हते’ असे सुनावणे आणि थोर पुरुषांची उदाहरणे समोर ठेवणे ही पालकांची सहजप्रवृत्ती असते. तीमागे प्रेमच असते. मात्र मुलाला त्यातून एवढेच कळते, की आपले दुःख ही आपली दुर्बलता आहे आणि ते बोलून दाखविणे हा अपराध आहे. मग ते पुन्हा बोलत नाही. ज्या घरांत गीता पूज्य मानली जाते, त्यांनी तिचा पहिला अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. त्याचे नावच विषादाचे आहे. अंग थरथरते आहे, तोंडाला कोरड पडली आहे, धनुष्य हातातून गळते आहे, मन भ्रमते आहे, असे सांगणारा अर्जुन भित्रा नव्हता, संस्कारहीन तर नव्हताच. भगवंतांनी आरंभी त्याची कानउघाडणी केली, ती पुरेशी झाली नाही. ‘मी लढणार नाही’ असे म्हणून तो गप्प बसला. त्यानंतर जो संवाद झाला, त्यात अर्जुन शंकेमागून शंका विचारतो आणि त्याला कोठेही तोडले जात नाही. अर्जुनाचा विषाद हा वैद्यकीय अर्थाने आजार होता, असे आम्ही सुचवीत नाही. पण खचलेल्या माणसाशी कसे बोलावे, याचा वस्तुपाठ तेथे आहे.

मूल खचले आहे, हे ओळखावे कसे? झोप आणि भूक बदलते. पूर्वी आवडणारा खेळ, पेटी, तबला, मित्र यांतून लक्ष उडते. मूल खोलीचे दार लावून बसू लागते, लहानसहान कारणाने चिडते किंवा रडते. डोकेदुखी-पोटदुखी वारंवार होते आणि तपासणीत काही सापडत नाही. गुण अचानक घसरतात. ‘मी तुम्हाला ओझे झालो आहे’, ‘माझ्यावाचून कोणाचे काही अडणार नाही’ अशी वाक्ये तोंडून निघतात. जपून ठेवलेल्या वस्तू ते इतरांना देऊन टाकते. बऱ्याच दिवसांच्या अस्वस्थतेनंतर एकाएकी आलेली शांतताही दुर्लक्षिण्याजोगी नसते. ज्याने पूर्वी एकदा स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला आहे, त्याच्याबाबत धोका सर्वाधिक असतो. ‘लक्ष वेधून घेण्याचा प्रकार’ म्हणून त्याकडे पाहणे घातक होय.

अशा वेळी मुलाला थेट विचारावे. ‘जगू नये असे तुला वाटते का? जीव देण्याचे विचार मनात येतात का?’ असे विचारल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरेल, या भीतीपोटी पालक आणि शिक्षक गप्प राहतात. या विषयावर झालेल्या संशोधनाने ही भीती निराधार ठरविली आहे. विचारल्याने मुलाचे ओझे हलके होते, कोणीतरी आपल्याला पाहते आहे हे त्याला जाणवते. उत्तर ‘होय’ आले, तर रागावू नये, रडारड करू नये, शपथा घालू नयेत; मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. जीव देण्याची ऊर्मी बहुधा थोडा वेळच टिकते. तो वेळ निभावून नेला, तर पुढे कित्येक मुले सावरतात. म्हणूनच शेतकऱ्याच्या घरात कीटकनाशके आणि शहरातील घरात औषधांचा साठा कुलपात ठेवणे, ही साधी वाटणारी खबरदारी प्रत्यक्षात जीव वाचविणारी आहे.

घराइतकीच जबाबदारी शाळेची आहे. विशाखापट्टणममध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूसंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि मुलांना चारचौघांत अपमानित करणे टाळावे, असे त्यांत म्हटले आहे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांपासून मुंबई-पुण्याच्या नामांकित शाळांपर्यंत ‘हुशारांची तुकडी’ आणि ‘ढ मुलांची तुकडी’ पाडणे ही जणू शैक्षणिक शिस्त मानली गेली आहे. तिची किंमत शेवटच्या तुकडीतील मुलेच मोजतात असे नाही. पहिल्या तुकडीतून खाली घसरण्याची धास्ती घेतलेली मुलेही मोजतात.

एवढे समुपदेशक आणावयाचे कोठून, असा प्रश्न संस्थाचालक विचारतील. त्याचे एक उत्तर बिहारमध्ये मिळाले आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक शाळांत एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या, पण या कामासाठी प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तींची शाळांत नेमणूक केली, तेव्हा मुलांमधील नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. तेच काम शिक्षकांवर सोपविले, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. आधीच कामांनी वाकलेल्या, गुण देणाऱ्या शिक्षकांजवळ मुले मन मोकळे करीत नसावीत, हे समजण्याजोगे आहे. तेव्हा ‘हेही शिक्षकच पाहतील’ अशी पळवाट न काढता, प्रत्येक शिक्षणसंस्थेने या कामासाठी स्वतंत्र माणूस नेमावा. सुशिक्षित, संवेदनशील तरुण-तरुणींना त्यासाठी तयार करणे आपल्या समाजाला अशक्य नाही.

कायद्याचे भय हेही मौनाचे एक कारण होते. मुलाने काही करून घेण्याचा प्रयत्न केला, तर पोलीस केस होईल, म्हणून कुटुंबे ते लपवीत आणि उपचारही टाळीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे मानण्याची आणि तिला सेवा देण्याची जबाबदारी शासनावर टाकण्याची तरतूद केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पूर्वीचे शिक्षेचे कलमही उरलेले नाही. केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. मुलांना हा क्रमांक ठाऊक असावा. घराच्या भिंतीवरील दिनदर्शिकेवर आणि शाळेच्या फळ्याशेजारी तो लिहिलेला असावा.

घरोघरी संपर्क असलेल्या कार्यकर्त्यांचे दायित्व येथे मोठे आहे. वस्तीतील कोणते मूल चार दिवस मैदानावर आले नाही, कोणाच्या घरात वाद वाढले आहेत, कोणाचा जिवलग मित्र शाळा सोडून गेला, हे शासकीय यंत्रणेच्या आधी त्यांना कळते. उपदेश करणे किंवा निदान करणे हे त्यांचे काम नाही. मुलाची चौकशी करणे, शांतपणे ऐकणे आणि कुटुंबाला जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागापर्यंत सोबत करणे एवढे त्यांनी केले, तरी पुष्कळ होईल. ज्या घरावर हा घाला पडलाच आहे, तेथे ‘पालकांचेच चुकले’ अशी कुजबुज करण्याऐवजी वर्षभर जाणे-येणे ठेवावे. मागे राहिलेल्या भावंडांना आणि वर्गमित्रांना त्याची सर्वाधिक गरज असते. मृत मुलाचे छायाचित्र, चिठ्ठी किंवा तपशील मोबाइलवरून पुढे धाडणे कटाक्षाने टाळावे. अशा तपशिलांनी दुसऱ्या खचलेल्या मुलाला धोका वाढतो, म्हणून २०१९ मध्ये भारतीय वृत्तपत्र परिषदेनेही माध्यमांसाठी मार्गदर्शक सूचना स्वीकारल्या आहेत.

पुढचा निकाल लागेल तेव्हा आपल्या मुलाला किती गुण मिळाले, हे शेजारी विचारतीलच. त्याच्या कितीतरी आधी, एखाद्या साध्या संध्याकाळी, घरातल्या कोणीतरी मोबाइल बाजूला ठेवून ‘तुला बरे वाटते ना?’ असे त्याला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. उत्तर मनासारखे नसले, तरी ते पूर्ण ऐकून घ्यावे. राष्ट्राची संपत्ती म्हणून ज्यांच्याकडे आपण पाहतो, ती ही मुले आधी आपल्या घरात सुरक्षित असली पाहिजेत.