विश्लेषण : एनके पेशींतील जनुकांची बटणे कर्करोगाचा उपचार स्वस्त करतील?

खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये जून २०२१ मध्ये देशात प्रथमच रुग्णावर कार-टी उपचार झाले. आयआयटी मुंबई, टाटा स्मारक केंद्र आणि ‘इम्युनोअ‍ॅक्ट’ यांच्या प्रयत्नांतून साकारलेल्या ‘नेक्सकार १९’ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत तीन-चार कोटींना पडणारा उपचार इथे ४० लाखांच्या घरात आला. तरीही तो बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच आहे. तो आणखी स्वस्त करण्याची एक वाट ‘नॅचरल किलर’ अर्थात एनके पेशींतून जाते.

या पेशी वेगळ्या कशा?

कार-टीमध्ये रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांत जनुकीय बदल करून त्या परत सोडतात. म्हणजे दर रुग्णामागे नवी तयारी. दुसऱ्याच्या टी पेशी वापराव्यात, तर त्या रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात. एनके पेशींबाबत ही भीती फार कमी. त्यामुळे बाळाच्या नाळेतील रक्तापासून अनेकांसाठीचे डोस आधीच तयार ठेवता येऊ शकतात.

जनुकांचे नियंत्रण कसे होते?

शरीरातील पेशींत जनुके जवळपास सारखीच असतात. फरक पडतो तो कोणते जनुक केव्हा चालू होते यामुळे. ‘टी-बेट’ व ‘इओमेस’ ही प्रथिने डीएनएला चिकटून एनके पेशीचा मारक स्वभाव घडवतात. उंदरांवरील अभ्यासात दिसले, की स्वस्थ एनके पेशीत ‘परफोरिन’ आणि ‘ग्रान्झाइम बी’ या मारक प्रथिनांचे संदेशवाहक आरएनए भरपूर असतात, पण प्रत्यक्ष प्रथिने अत्यल्प. कणीक मळून ठेवलेली, पोळ्या मात्र पान मांडल्यावरच! ‘आयएल-१५’सारखा संदेश मिळाला की प्रथिने तयार होतात. उलट कर्करोगाच्या गाठीभोवतीचे ‘टीजीएफ-बीटा’ ही यंत्रणा मंदावते.

याचा रुग्णाला उपयोग काय?

अमेरिकेतील एमडी अँडरसन कर्करोग केंद्राने २०२० मध्ये ११ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी आठ जणांनी प्रतिसाद दिला आणि कार-टीमध्ये उद्भवणारे गंभीर दुष्परिणाम दिसले नाहीत. या एनके पेशींत कर्करोग ओळखणाऱ्या जनुकासोबत ‘आयएल-१५’चे जनुकही घातले होते. म्हणजे पेशी टिकावी म्हणून तिचे बटण आतूनच दाबलेले. अर्थात चाचणी लहान होती. त्यामुळे ‘खात्रीचा इलाज’ म्हणून कुणी एनके पेशी विकत असेल, तर आधी नोंदणीकृत चाचणीचा क्रमांक मागावा.

मग करायचे काय?

कोणते बटण केव्हा दाबायचे, हे संशोधन आपल्याकडे ‘पुस्तकी’ समजून निधीच्या रांगेत मागे ठेवले जाते. ही चूक महागात पडेल. परदेशात सिद्ध झालेली कृती विकत घेतली, की तिची किंमतही सोबत येते. खारघरला प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या एकाच आवारात आहेत. कार-टीने दिलेला आत्मविश्वास आहे. आता सरकारने एनके पेशींच्या मूलभूत अभ्यासासाठी दीर्घ मुदतीचा, खात्रीचा निधी द्यावा. उद्याच्या उपचाराची किंमत आजच्या या निर्णयावर ठरणार आहे.