शाळा सुटल्यावर

आमच्या गावात एकही बालकामगार नाही. असणार कसा? दरवर्षी दिवाळी सरली की बीडकडून आमच्या उसाला तोडणीची टोळी येते, पण तिच्यातली पोरं काम करत नाहीत. ती 'मदत' करतात.

मागल्या हंगामात माझ्या अडीच एकरांत अशीच मदत चालली होती. पहाटे 4 ला आईबाप फडात. दहा-अकरा वर्षांची पोरगी कोपीत भाकऱ्या थापून, धाकट्याला कडेवर घेऊन, उजाडायला वाढं बांधायला हजर. मी शहाणपणाने विचारलं, "शाळा गं?"

"सुटली," ती म्हणाली.

एका शब्दात पोरीने कायदा सांगितला. बालकामगार कायद्याच्या 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलांना सगळीकडे कामबंदी झाली आणि त्याच दमात फट ठेवली गेली: काम धोक्याचं नसेल तर शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्यांना मदत केलेली चालते. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा संध्याकाळी आजोबांच्या मागावर बसणारा नातू असावा. हिची शाळा तर दिवाळीतच सुटली, तीनशे किलोमीटर मागे. अट पुरी झाली की नाही?

ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादमाने पावसाळ्यात आगाऊ दिलेली उचल टनावर फिटते. दोघांच्या हातांनी टन भरत नाहीत, म्हणून तिसरे हात येतात आणि त्यांनी वाहिलेली मोळी आईबापाच्या टनात मिसळून जाते. वजनकाट्याच्या पावतीवर माझं नाव असतं, गाडीचा नंबर असतो. पोरीचं काय? कारखान्याला विचारा, मजूर मुकादमाचे. मुकादमाला विचारा, पोरं आईबापाची. आईबापाला विचारा, तर म्हातारी होती तोवर गावाकडं ठेवत होतो, ती गेली, आता कुणापाशी ठेवू?

यावर शहरातले सज्जन 'अडाणी पालक' म्हणून सुस्कारा टाकतात. दर 12 जूनला बालकामगारविरोधी दिनाचे फलक लागतात, चहाच्या टपरीवरचा एखादा पोऱ्या धाड घालून सोडवला जातो. त्या चहातली साखर कुठून आली, हे मात्र कुणी विचारत नाही.

उपाय ठाऊक नाही असं थोडंच आहे? टोळीच्या गावातच पोरांसाठी हंगामी वसतिगृह हवं आणि ते ट्रक हलायच्या आधी उघडायला हवं. जानेवारीत मंजुरी आली तर तिथं जेवायला कोण येणार, मंजुरी देणारे? ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, टनामागे 10 रुपये कारखान्यांनी द्यायचं ठरलेलं आहे. पण खरी गाठ तोडणीच्या दराची आहे. दोन माणसांत उचल फिटेल असा दर द्या आणि तोडणी करणाऱ्याला कारखान्याच्या हजेरीपटावर घ्या. मग बघू कोण मदतीला येतं. अर्थात मग साखर महागेल आणि माझं बिलही थोडं कमी येईल. म्हणून मीही गप्पच असतो.

फड संपला त्या दिवशी टोळीला खुशाली दिली. वर मोठेपणाने पोरीच्या हातावर खाऊला 20 रुपये ठेवले. तिने ते आईकडे दिले. आईने पदराला गाठ मारली, लेकीकडे बघून हसली आणि म्हणाली, "अजून चार सालांत हिचाबी कोयता हुईल, मालक."