आसनाचे माप आणि माणसाचा मान

पेण आणि रोहे येथील शाळांच्या सहली पूर्वी किल्ले रायगड, मुरुड-जंजिरा, अलिबागचा कुलाबा किल्ला किंवा पालीचा बल्लाळेश्वर अशा ठरलेल्या वाटांनी जात. २०१३ साली खोपोली-पाली रस्त्यावर, खालापूर तालुक्यातील सांगडेवाडीजवळ, ‘इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान सुरू झाले आणि या वाटांमध्ये आणखी एका वाटेची भर पडली. येथील ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टर सुमारे चाळीस मीटर उंचीवरून ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने खाली झेपावतो आणि बसणाऱ्यास पाच वेळा उलटा करून परत आणतो. पायांखाली तळ नाही, पाय अधांतरी लोंबकळत राहतात. स्वित्झर्लंडमधील एका नामांकित कंपनीने त्याची रचना केली. पेणच्या बाजारपेठेत किंवा रोह्याच्या कुंडलिकेकाठी वाढलेल्या मुलामुलींना असा थरार आज बसच्या एका फेरीच्या अंतरावर मिळू शकतो, ही गोष्ट काही वाईट नव्हे.

परंतु अशा प्रत्येक यंत्रापाशी तिकिटाच्या पैशापलीकडचा आणखी एक प्रश्न माणसाला विचारला जातो. तुमचे शरीर या आसनात मावते काय? बहुतेकांना हा प्रश्न विचारला गेल्याचे कळतही नाही. ते बसतात, खांद्यांवरून लोखंडी कमान खाली येते, पट्टा अडकतो आणि गाडी सुटते. ज्याचे शरीर थोराड आहे त्याला मात्र तो प्रश्न चारचौघांत ऐकावा लागतो. तास-दीड तास रांगेत उभे राहिल्यावर कमान पुरती खाली येत नाही. कर्मचारी ती एकदा दाबून पाहतो, दुसऱ्यांदा दाबून पाहतो आणि अखेर उठावयास सांगतो. सारी गाडी तेवढा वेळ थांबलेली असते. वर्गातील मुले पाहत असतात. जगातील कोणत्याही उद्यानात घडू शकणारा हा प्रसंग आहे. त्यातून कोणी जखमी होत नाही, म्हणून कोणत्याही नोंदवहीत तो लिहिला जात नाही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या किंवा मुलाच्या मनात तो कित्येक वर्षे लिहिलेला राहतो.

या प्रसंगावर आपल्याकडे दोन प्रकारची मते ऐकू येतात. पहिले मत असे, की एवढे वाढावेच कशाला? खाणे आवरा, मग आसनात मावाल. दुसरे मत वरकरणी दयाळू आहे. ‘जरा दाबून बसवा हो, काय होते एवढ्याने!’ तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू देणे आणि मिनिडोअर रिक्षात ‘सरकून घ्या’ म्हणत आणखी एकाला कोंबणे ही ज्या प्रदेशाची रोजची सवय आहे, तेथे हे दुसरे मत सहज पटते. ही दोन्ही मते चुकीची आहेत, आणि दुसरे तर प्राणघातक आहे. ते का, हे समजण्यासाठी या आसनाचे काम नीट पाहिले पाहिजे.

रोलर कोस्टर चढण ओलांडून खाली झेपावतो तेव्हा बसणाऱ्याचे शरीर क्षणभर भारहीन होते आणि आसनावरून उचलले जाऊ पाहते. गिरकीत तेच शरीर आसनात दाबले जाते. अशा उलटसुलट ओढीत माणसाला धरून ठेवावयाचे तर पकड हाडांवर असावी लागते, म्हणजे मांड्यांवर, कमरेच्या हाडापाशी, खांद्यांवर. पोटावर टेकलेला दांडा घट्ट बसल्यासारखा वाटतो, परंतु मांस मऊ असते, वेगाच्या हिसक्याने सरकते, आणि मग दांडा व शरीर यांच्यात फट पडते. कमान आणि आसन यांना जोडणारा पट्टा अनेक रोलर कोस्टरांवर असतो. तो आधार तर आहेच, शिवाय ते एक मापही आहे. पट्टा खाचेपर्यंत पोहोचला नाही, तर कमान पुरेशी खाली आलेली नाही असा त्याचा सरळ अर्थ. म्हणून पट्टा अडकत नसेल तेव्हा ‘उठा’ म्हणणारा कर्मचारी निर्दय नसतो. तो आपले कर्तव्य करीत असतो.

हे कर्तव्य ढिले पडले की काय होते, त्याचा दाखला अमेरिकेतील ऑर्लँडो शहरात मिळाला. २४ मार्च २०२२ रोजी तेथील एका उंच मनोऱ्यावरून खाली सोडल्या जाणाऱ्या आसनांतून चौदा वर्षांचा एक मुलगा निसटून पडला आणि मरण पावला. निर्मात्याच्या पुस्तिकेत १३० किलो ही वजनाची मर्यादा नमूद होती, आणि मुलाचे वजन तिच्यापेक्षा बरेच अधिक होते. चौकशीत असे आढळले, की काही आसनांचे संवेदक हाताने बदलून ठेवण्यात आले होते. त्यामुळे नेहमीपेक्षा अधिक फट राहिली तरी यंत्रणा सर्व काही ठीक असल्याचा इशारा देई. तो मनोरा पुढे २०२३ मध्ये पाडण्यात आला. त्या मुलाला कोणी अपमानाने परत पाठविले नाही. त्याला सामावून घेतले गेले, परंतु आसन बदलून नव्हे, सुरक्षितता बदलून. ‘जरा दाबून बसवा’ या वृत्तीचा शेवट कोठे होतो, हे यावरून दिसावे.

आपल्या जत्रांतील आकाशपाळण्याचीही हीच कथा आहे. तो कोणालाही नाकारीत नाही. लहान, मोठा, कृश, स्थूल, सर्वांना तो सारख्याच आनंदाने घेतो. पण तो कोणाला धरीतही नाही. एक आडवी दांडी किंवा साखळी एवढाच त्याचा आधार असतो. नकार नसणे म्हणजे आदर असणे नव्हे. जो यंत्रचालक शरीराचे माप घेतो, तो निदान त्या शरीराची जबाबदारी तरी घेतो.

तेव्हा मोठ्या शरीराच्या माणसाला बसू द्यावे की नाही, हा प्रश्न खरा नाही. त्याच्यासाठी आसन आधीपासून का नसावे आणि त्याला आधी का सांगितले जाऊ नये, हे खरे प्रश्न आहेत. आणि हा मोठ्या शरीराचा माणूस म्हणजे केवळ स्थूल माणूस, हाही एक गैरसमज आहे. रायगड जिल्ह्याच्या गावोगावी कबड्डी खेळली जाते. तेथील मैदानावर मांड्या आणि छाती कमावलेला बचावपटू काट्यावर कदाचित फार भरणारही नाही, पण खांद्यांवरची कमान त्याच्या छातीवरच अडू शकेल. उंच माणसाचे खांदे अडतात, गरोदरपणानंतरची स्त्री कमरेपाशी अडते, एखाद्याचे वजन भरपूर असूनही ते अशा ठिकाणी असते की पट्टा सहज लागतो. वजनकाटा येथे अर्धेच उत्तर देतो. शरीराची ठेवण उरलेले उत्तर देते.

मग हे आसन कोणाच्या मापाने बेतलेले असते? ‘सरासरी माणसा’च्या, असे उत्तर दिले जाई. अमेरिकेच्या हवाई दलाने विमानातील बैठकीसाठी ४,०६३ जणांची मापे घेतली आणि त्यांतील दहा मापे निवडून गिल्बर्ट डॅनियल्स या संशोधकाने सरासरी माणसाचा शोध घेतला. १९५२ सालच्या त्याच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की दहाही मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा एकही मनुष्य त्या चार हजारांत नव्हता. सरासरीसाठी बांधलेली बैठक कोणासाठीच बांधलेली नसते, हा त्यातील धडा. त्यावर उपाय निघाला तो मागेपुढे, वरखाली होणाऱ्या बैठकीचा. वैमानिकांना बारीक किंवा जाड होण्याचा उपदेश कोणी केला नाही. भारतीय शरीरांच्या मापांचाही अभ्यास झालेला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने देबकुमार चक्रवर्ती यांचा या विषयावरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. मापे हाताशी नाहीत, ही सबब तेव्हापासून चालण्यासारखी राहिलेली नाही.

उपायही कोणाच्या कल्पनेतून काढावयाचे नाहीत. ते इतरत्र अमलात आहेत. टेक्सासमधील एका उद्यानात जुलै २०१३ मध्ये एक महिला रोलर कोस्टरवरून पडून मरण पावली. तो पुन्हा सुरू करताना दांड्याची गादी नव्याने घडविण्यात आली, पट्टे बसविण्यात आले आणि प्रवेशापाशीच एक नमुना आसन ठेवण्यात आले. रांगेत शिरण्यापूर्वी ज्याला शंका असेल त्याने तेथे बसून पाहावे. अनेक मोठ्या रोलर कोस्टरांवर ठरावीक रांगांत दुहेरी पट्ट्यांची काही आसने असतात. ती रुंद शरीरालाही तितक्याच सुरक्षिततेने धरतात. ऑर्लँडोच्याच दुसऱ्या एका उद्यानात हॅरी पॉटरच्या कथेवरील यंत्राच्या बाकांवरील कडेची आसने मोठ्या शरीरांसाठी मुद्दाम बदलून घेण्यात आली. यांपैकी एकाही उपायाने सुरक्षिततेची रेघ पुसलेली नाही. ती रेघ कोठे आहे हे लोकांना आधी दाखविले गेले, आणि रेघेच्या आत येणाऱ्यांची संख्या वाढविली गेली, इतकेच.

महाराष्ट्रातील प्रत्येक लहानमोठ्या उद्यानाकडून एवढी अपेक्षा करणे मुळीच अवाजवी नव्हे. तिकीट-खिडकीपाशी, पैसे घेण्यापूर्वी, उंचीबरोबरच छातीची व कमरेची मर्यादा सेंटिमीटरमध्ये, स्वच्छ मराठीत लिहिलेली असावी. नमुना आसन रांगेच्या तोंडाशी असावे, आणि तेही जरा आडोशाला. बसता न आलेल्याला त्या यंत्रापुरती रक्कम परत मिळावी. कर्मचाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याची रीतही शिकवावी. ‘तुम्ही मोठे आहात’ आणि ‘हे आसन तुम्हाला पुरत नाही’ या दोन वाक्यांचा परिणाम एकच असला, तरी पहिल्यात दोष माणसाचा ठरतो आणि दुसऱ्यात आसनाचा. भाषेच्या शिक्षकांना हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही.

यावर एक आक्षेप येईल. असे केल्याने लठ्ठपणाला उत्तेजन मिळणार नाही काय? लठ्ठपणा हा आरोग्याचा खराखुरा प्रश्न आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील शंभरांपैकी सुमारे चोवीस स्त्रिया आणि तेवीस पुरुष अतिवजन किंवा लठ्ठ या वर्गात मोडतात. परंतु रुंद आसन मिळाले म्हणून कोणी लठ्ठ झाल्याचे ऐकिवात नाही, आणि रांगेतून परत पाठविल्यामुळे कोणी कृश होत नाही. आरोग्याचा सल्ला देण्याची जागा दवाखाना आहे, शाळेचे मैदान आहे, घरचे ताट आहे. रोलर कोस्टरचा फलाट ही ती जागा नव्हे. शिवाय जवळजवळ चौथा हिस्सा लोक ज्या वर्गात येतात, त्यांना अपवाद समजून यंत्रे बांधणे हा व्यवहारही शहाणपणाचा नाही.

राहिला शिक्षकांचा वाटा. सहल ठरविताना जेवण, बस आणि पालकांची संमतिपत्रे यांची चौकशी होते, तशीच यंत्रांच्या मर्यादांचीही आधी व्हावी. ज्या विद्यार्थ्याला एखादे यंत्र पुरणार नाही असे दिसते, त्याच्याशी एकांतात दोन शब्द आधी बोलून ठेवता येतात. त्याच वेळी दुसऱ्या कोणत्या खेळाकडे जावयाचे तेही ठरवता येते, आणि सोबत दोन मित्र देता येतात. हे शिक्षकाला जमणारे काम आहे, उद्यानाला नव्हे. आणि सहलीपुरतेच का? वर्गातील बाक, परीक्षा केंद्रातील जोडमेज, एस.टी.ची बैठक, कार्यालयातील हातांची खुर्ची, या सर्वच ठिकाणी एक ठरीव माप गृहीत धरलेले असते आणि त्यात न मावणारा मनुष्य मुकाट्याने अंग चोरून बसतो. तो तक्रार करीत नाही. तक्रार करणे म्हणजे आपल्या शरीराकडे बोट दाखविणे, असे त्याला वाटते. रोलर कोस्टरवर अंग चोरता येत नाही. म्हणून ही रोजची गोष्ट तेथे उघडी पडते.

पेणचे मूर्तिकार दरवर्षी गणपतीच्या लहानमोठ्या असंख्य मूर्ती घडवितात. लंबोदर हे त्या देवाचे नावच आहे. मूर्ती घरी यावयाची असेल तेव्हा घरातील माणसे आधी तिचे माप विचारतात आणि मग तेवढा पाट किंवा चौरंग काढतात. पाट अपुरा पडला तर दुसरा आणतात. मूर्ती तासून लहान करा, असे मूर्तिकाराला कोणी सांगत नाही. देवाच्या बाबतीत पाळली जाणारी ही साधी रीत माणसांच्या आसनांनाही लागू करावयास हवी, आणि ती लागू करणे आज अवघड राहिलेले नाही.