हातचं राखून चालत नाही!

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर काय चालतं ते नव्याने सांगायला नको. कुणाकडे पूर्ण जर्नल असतं, कुणाकडे नुसत्या रीडिंग्ज, तर कुणाकडे सिनिअरची जुनी फाईल. एखादा दार आतून लावून बसतो. त्याचं म्हणणं सोपं असतं, "माझी मेहनत, मी का देऊ?" देशांचंही असंच असतं. फक्त तिथे मार्क जात नाहीत, माणसं जातात. मित्रदेशांनी एकमेकांना लष्करी गुप्त माहिती द्यावी का, या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. द्यावी, आणि वेळेवर द्यावी. का, ते सांगण्यासाठी तुम्हाला जरा पोलंडला नेतो.

जर्मनीचं एनिग्मा हे संदेश सांकेतिक करणारं यंत्र म्हटलं की आपल्याला ॲलन ट्युरिंग आठवतो. पण ते त्याच्या आधी फोडलं पोलंडच्या पोरांनी! १९२९ साली पोझनान विद्यापीठात गणिताच्या निवडक विद्यार्थ्यांसाठी सांकेतिक लिपीचा एक वर्ग गुपचूप घेतला गेला. त्यातून मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की हे तिघे पुढे आले. डिसेंबर १९३२ मध्ये रेयेव्स्कीने लष्करी एनिग्माच्या चक्रांची आतली वायरिंग गणिताने, कागदावर शोधून काढली. वय वर्षे २७!

पण नुसत्या हुशारीवर हे झालं नाही. गुस्ताव बर्त्रां या फ्रेंच अधिकाऱ्याने एका जर्मन माणसाकडून पैसे मोजून एनिग्माची काही कागदपत्रं मिळवली होती. फ्रेंच तज्ज्ञांना त्यातून काही निघेना, म्हणून ती पोलंडला दिली गेली. फ्रान्सकडे कागद होते पण गणित नव्हतं, पोलंडकडे गणित होतं पण कागद नव्हते. दोन अर्धवट जर्नलं एकत्र आली, तेव्हा कुठे प्रॅक्टिकल पूर्ण झालं.

पुढची काही वर्षं पोलंडने मात्र आपलं यश कुणालाच सांगितलं नाही. फ्रान्सलासुद्धा नाही. मग डिसेंबर १९३८ मध्ये जर्मनांनी दोन नवी चक्रं आणली. आधी तीन चक्रांचे क्रम होते ६. आता पाचांतून तीन निवडायची, म्हणजे क्रम झाले ६०. (पर्म्युटेशन आठवतंय ना?) पोलंडने किल्ली शोधायला 'बोंबा' नावाची सहा यंत्रं बनवली होती. आता साठ हवी होती. एवढा पैसा आणि एवढी माणसं आणायची कुठून? आणि युद्ध तर दारात उभं.

शेवटी २५ आणि २६ जुलै १९३९ ला वॉर्सॉजवळच्या पिरी इथल्या जंगलात पोलंडने ब्रिटिश आणि फ्रेंच तज्ज्ञांना बोलावलं आणि सगळं समोर मांडलं. डिली नॉक्स हा मुरलेला ब्रिटिश तज्ज्ञ एकाच ठिकाणी अडला होता, कीबोर्डच्या तारा पहिल्या चकतीला कोणत्या क्रमाने जोडल्यात? उत्तर होतं ए, बी, सी, डी… सरळ वर्णमाला! इतकं सोपं असेल असं त्याला वाटलंच नव्हतं. पोलंडने बनवलेली एनिग्माची प्रतिकृती ऑगस्टमध्ये लंडनला पोचली आणि १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. म्हणजे ती बैठक पाच-सहा आठवडे उशिरा झाली असती तर सगळंच मुसळ केरात! जानेवारी १९४० मध्ये स्वतः ट्युरिंग झिगाल्स्कीच्या पद्धतीचे, ब्रिटनमध्ये भोकं पाडलेले कागद घेऊन पॅरिसजवळ या पोलिश मंडळींकडे गेला. त्यानंतर काही दिवसांतच युद्धकाळातली पहिली किल्ली तिथे सुटली.

आता उलट बाजू. कुणी म्हणेल, दिलेली माहिती फुटली तर? भीती खरी आहे. पण १९४३ मध्ये पोलिश गटाचे प्रमुख ग्विदो लांगर आणि त्यांचे सहकारी माक्सिमिलियान चेन्झ्की जर्मनांच्या हाती सापडले. चौकशी झाली, तरी युद्धकाळातही एनिग्मा वाचला जातोय हे त्यांनी कळू दिलं नाही. माहिती वाटण्याआधी माणूस पारखावा लागतो तो यासाठीच.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. देणाऱ्याला काय मिळालं? रेयेव्स्की आणि झिगाल्स्की १९४३ मध्ये ब्रिटनला पोचले, पण एनिग्माच्या कामावर त्यांना घेतलंच नाही, किरकोळ संकेतांवर बसवलं. युद्धानंतर रेयेव्स्की पोलंडला परतला आणि एका कारखान्यात हिशेब लिहीत बसला. त्याचं काम जगाला कळायला १९७० चं दशक उजाडलं. अगदी अलीकडे, मार्च २०२५ मध्ये, अमेरिकेने युक्रेनला मिळणारी गुप्त माहिती काही दिवस थांबवली होती. मैत्रीतही नळ एकाच्याच हातात असला की असं होतं.

मग शेअर करूच नये का? तसं म्हणणाऱ्याने आपली मुंबई आठवावी. २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला, १६६ बळी. मुंबईची टेहळणी करून गेलेला डेव्हिड हेडली अमेरिकेत पकडला गेला तो ऑक्टोबर २००९ मध्ये. अमेरिकेने आधी भारताला इशारे दिले होते. २०१४ मध्ये अमेरिकन पत्रकारांनी केलेल्या शोधानुसार, हल्ल्याच्या सूत्रधारांपैकी एकाच्या इंटरनेटवरच्या हालचालींवर ब्रिटन आणि भारत यांची आधीपासून, पण आपापली वेगळी नजर होती. तिघांकडे तुकडे होते. ते जुळवले गेले गोळीबार सुरू झाल्यावर. वरातीमागून घोडं! अगदी आपल्याच खात्याखात्यांत माहिती फिरावी म्हणून असलेलं 'मल्टी एजन्सी सेंटर'सुद्धा त्यानंतर बळकट करावं लागलं.

पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये भारताने अमेरिकेशी नकाशे आणि उपग्रहांची माहिती देण्याघेण्याचा 'बेका' करार केला. मला तो योग्य वाटतो. पण नुसत्या सहीवर खूश होऊन भागणार नाही. पिरीच्या त्या बैठकीत छोट्या पोलंडचं म्हणणं बड्या देशांनी ऐकून घेतलं, कारण त्याच्याकडे त्यांना न सुटलेलं उत्तर होतं. रिकाम्या हाताने गेलो तर समोरचा त्याच्या सोयीने देणार आणि त्याच्या सोयीने थांबवणार. ते उत्तर शोधायचं काम आपल्यासारख्यांचं आहे. सिग्नल प्रोसेसिंग नुसतं ओरल्सपुरतं पाठ करून ते होणार नाही.

आणि हो, यंदाच्या सबमिशनला माझ्या रूमचं दार उघडं असेल. रीडिंग्ज घेऊन जा. येताना मात्र तुमचे ग्राफ घेऊन या!

– एक थर्ड इयरवाला, ई अँड टीसी